खलाशांच्या चादरी

पाथरीत कुणी मला विचारलं, "बाई, नोकरीला कुठं होता?" तर मी "कोकणात" म्हणते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "शाळेवर का?" मी म्हणते, "न्हाई, मागावर." मग समोरचा माणूस थोडा वेळ माझ्याकडं बघतो आणि सोयाबीनच्या भावाकडं वळतो.

बावीस वर्षं मी समुद्राच्या काठावर बायकांना कापड विणायला शिकवलं. मालवणच्या अलीकडं एक खाडी समुद्राला मिळते, तिथं मच्छीमारांची एक वाडी आहे. वाडीच्या टोकाला कौलारू शेड, शेडमध्ये आठ माग. परत येऊन सहा वर्षं झाली. अजूनही सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी मी भरती आहे की ओहोटी, ते कानानं चाचपते. ऐकू येते ती स्टँडवरच्या जीपवाल्याची हाळी, "सेलू, सेलू, सेलू!"

आमचं घराणं लिंगायत विणकरांचं. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. अप्पा खड्डा मागावर लुगडी विणायचे. ज्यांनी हा माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत मांडीइतका खड्डा असतो, विणणारा त्याच्या काठावर बसतो आणि पाय आत सोडतो. मागावर लांबीनं ताणलेले दोरे म्हणजे ताणा. त्यातून आडवा जातो तो बाणा. पायानं पावडी दाबली की ताण्याचे निम्मे दोरे वर उचलतात, मधून धोटा सुळकन पलीकडं जातो, मग फणीनं तो दोरा ठोकून बसवायचा. एवढंच. हे एवढं हजारो वेळा केलं की एक लुगडं होतं. खड्डा कशाला, तर आमच्या मुलखाची हवा कोरडी, कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं. खड्ड्यात ओल धरून राहते. चैत्र-वैशाखात अप्पा खड्ड्यात पाणी शिंपडून मगच कामाला बसत.

लुगडी नेसणाऱ्या बायका कमी झाल्या आणि गल्लीतले माग एकेक करून थांबले. माझं लग्न झालं आणि मोडलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. त्याच सुमाराला एका संस्थेनं कोकणात केंद्र काढलं आणि विणकाम शिकवणारी बाई हवी म्हणून जाहिरात दिली. अप्पा म्हणाले, "दोन वर्सं जाऊन ये. हातातली विद्या सडायलीय इथं."

मी गेले आणि पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. मी शेडमध्ये माणसं लावून खड्डा खणायला घेतला. दोन हात खाली गेल्यावर खड्ड्यात पाणी भरलं. उपसलं, पुन्हा भरलं. दारात एक बाई डोक्यावर रिकामी टोपली घेऊन उभी होती. माझ्याच वयाची, काळीसावळी, काष्टा घट्ट खोचलेला.

"बाई, हयसर विहीर कित्याक खणतास?" तिनं विचारलं. "वाडीत दोन विहिरी आसत की."

ती शेवंती. सकाळी मासे विकायची, दुपारी मोकळी असायची. मी खड्डा बुजवला, उभे लाकडी माग मागवले आणि शेवंतीसकट सात बायका शिकायला आल्या.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. सूत वास ओढून घेतं, आणि माशाचं तेल हाताला राहिलं तर कापडावर पिवळा डाग उमटतो. म्हणून मी दाराशी पाण्याची बादली, साबण आणि चिरलेली लिंबं ठेवली आणि म्हटलं, "आत यायच्या आधी हात धुवा." दुसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माझ्या लक्षात येईना. शेवटी मी शेवंतीच्या अंगणात गेले. गळ्यात लिंग घालणारी, मासळी न खाणारी बाई दारात आलेली बघून तिनं बसायला पाट दिला नाही. उभ्यानंच विचारलं, "वास तुमका येता की कपड्याक?"

खरं उत्तर "दोघांनाही" असं होतं. मी तेच सांगितलं. म्हटलं, "मला येतो, पण त्याची सवय मी करून घेईन. कापडाला सवय होत न्हाई. आमचे अप्पा तर आमाला तेलाचा हात पुसल्याबिगर सुताजवळ येऊ देत नव्हते, स्वतःच्या लेकीला."

अंगणात तिचे सासरे जाळं दुरुस्त करत बसले होते. सगळी वाडी त्यांना तात्या म्हणायची. अवघडून मी त्यांच्या हाताकडं बघत राहिले. तुटलेले दोन दोरे घेऊन त्यांनी एक फास केला, दुसरा दोरा त्यातून काढून मागं वळवला आणि ओढला. मी खाली बसले. म्हटलं, "तात्या, परत करा." त्यांनी केली. तीच गाठ होती! ताण्याचा दोरा तुटला की अप्पा जी गाठ मारत, पाचव्या वर्षी मला जी शिकवली, ती. मी त्यांच्या हातातले दोरे घेऊन बांधून दाखवली.

तात्यांनी ती ओढून बघितली, नखानं चाचपली आणि सुनेला म्हणाले, "शेवंती, ह्या बाईक पाट दी."

दुसऱ्या दिवशी सगळ्या आल्या, लिंबानं हात चोळून. गाठी त्यांना शिकवाव्या लागल्याच नाहीत. दोरा तुटला तर आमच्याकडची मुलगी सहा महिने धडपडते. या बायका बोलता बोलता सांधून मोकळ्या होत.

मग पावसाळा आला. माझं सगळं शिक्षण कोरड्या हवेचं. ताण्याच्या सुताला बळ यावं म्हणून खळ देतात, म्हणजे पिठाची पातळ पेज पाजतात. आमच्याकडं खळ दिलेला ताणा महिनाभर राहतो. तिथं चार दिवसांत त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडले. फणी लोखंडाची, ती खाऱ्या हवेनं गंजून कापडावर तांबडे पट्टे ओढू लागली. फणी मी वेताची बसवली, पण बुरशीला उपाय सापडेना. दोन ताणे फेकून द्यावे लागले. संस्थेला पत्र लिहायला घेतलं होतं की हे काम इथं होणार नाही.

उपाय तात्यांनी सांगितला. नायलॉन येण्यापूर्वी जाळी सुताची असत. ती कुजू नयेत म्हणून ऐनाच्या झाडाची साल तांब्याच्या हंड्यात उकळून त्या पाण्यात जाळी बुडवत. "आमची जाळी सा-सा म्हयने खाऱ्या पाण्यात रव्हत. तुमच्या सुताक काय जाला?" तात्या म्हणाले. आम्ही लाकडाच्या वखारीत पडलेली साल गोळा करून आणली. झाडाची साल सोलायची नाही, हे त्यांनी आधीच बजावलं. तीन दिवस उकळलं, भिजवलं, वाळवलं. सूत तपकिरी निघालं, तापलेल्या कौलाच्या रंगाचं. बुरशी लागली नाही. रंगाचं उरलेलं पाणी मी खाडीत ओतायला निघाले तर ते काठी टेकत मागं आले. "खाडीत नको. थंय माशांची पिल्लां आसत. माडाक घाल." तेव्हापासून ते पाणी माडांच्या मुळाशी जायचं.

त्या सुताच्या चादरी आम्ही विणू लागलो. एका ताण्यावर बारा चादरी. तात्यांना मी विचारलं, "तुमाला काय देऊ?" ते म्हणाले, "माका काय नको. प्रत्येक ताण्यातली एक चादर बंदरावरच्या परक्या खलाशाक दी."

मोठ्या होड्यांवर काम करायला लांबलांबचे लोक येतात. कुणी कारवारकडचे, कुणी उत्तरेकडचे, कितीतरी नेपाळी. होडीवरच निजतात, होडीवरच रांधतात. मार्गशीर्ष-पौषात पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, तो हाडापर्यंत जातो. तात्या तरुणपणी असेच परमुलखातल्या बंदरांत होड्यांवर राबले होते, शिडाचं कापड पांघरून निजले होते. बायकांनी त्यांचा शब्द धरला. कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा खलाशांचा ठरला. दर्यावरून आलेला कुणीही दारात उभा राहिला की शेवंती हात वर करून एक चादर काढायची. नाव विचारायची, गाव विचारायची, आणि "न्या" म्हणायची. खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मला ते जड जायचं. मग मीच ताण्यातली उत्तम चादर त्या कप्प्यासाठी बाजूला काढू लागले.

चौदा-पंधरा वर्षं असं चाललं. तात्या वारले. त्याच वर्षी शहरातून एक गिऱ्हाईक आलं. बायकांनी त्याचं नाव फोटोवालो ठेवलं. त्यानं एक चादर ओल्या वाळूवर पसरली, चारी बाजूंनी फोटो काढले, आणि एक लाट येऊन चादर घेऊन गेली. शेवंती लुगड्यासकट छातीभर पाण्यात शिरून ती घेऊन आली. त्यानं त्याचाही फोटो काढला. जाताना एका नव्या हॉटेलासाठी साठ चादरी सांगून गेला. अट दोनच, सगळ्यांचा रंग एकसारखा हवा आणि तारीख चुकायची नाही. सालीचा रंग एकसारखा येत नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "शक्य तितका." एवढं मोठं काम आमच्याकडं कधी आलं नव्हतं. हे नीट पार पडलं तर वाडीतल्या आणखी बायकांना माग देता येतील, असं मी मनात मांडून बसले होते.

दिवस कमी पडत गेले. एक ताणा दमट हवेत सैल पडला, त्यात आठवडा गेला. तारीख जवळ आली तेव्हा माझी नजर वरच्या कप्प्याकडं गेली. सहा चादरी होत्या, रंगानं जुळणाऱ्या. मी त्या उतरवल्या आणि गठ्ठ्यात घातल्या. बायकांनी पाहिलं. शेवंतीनंही.

पुढच्याच आठवड्यात एके दुपारी एक नेपाळी खलाशी दारात आला. मिशा पिकायला लागलेल्या, अंगात नुसता बनियन, खोकत होता. म्हणाला, "दीदी, इधर चादर मिलता है, बोला." शेवंतीनं नाव विचारलं. टेकबहादूर. तिनं सवयीनं वर बघितलं. कप्पा रिकामा.

मी म्हटलं, "महिन्यानं या भाऊ. आत्ता न्हाईत."

तो मान हलवून निघाला. शेवंतीनं त्याला हातानं थांबवलं आणि ती आपल्या मागाकडं गेली. मागावर हॉटेलाची चादर होती, शेवटची, पाऊण विणून झालेली. तिनं कात्री घेतली आणि फणीच्या अलीकडून ताणा कापायला सुरुवात केली. हजार-बाराशे दोरे. ते तुटताना जो बारीक आवाज येतो तो विणकराच्या घरात वाढलेल्या माणसाला ऐकवत नाही. मी धावले, पण तोवर तिनं अर्धा पन्हा कापला होता. उरलेला शांतपणे कापला, कडेला मोठमोठ्या गाठी मारल्या आणि ती आखूड चादर टेकबहादूरच्या खांद्यावर घातली.

तो गेल्यावर मी बोलले. सगळ्यांच्या देखत बोलले. "शेवंती, हे केंद्र तुझ्या सासऱ्याचं न्हाई."

तिनं माझ्याकडं पाहिलं. हातातली कात्री फळीवर ठेवली, पदर खोचला आणि ती बाहेर पडली.

हॉटेलाला एकोणसाठ चादरी गेल्या. फोटोवाल्यानं कुरकुर केली, घेतल्या, आणि पुन्हा काही तो आला नाही. म्हणजे ज्याच्यासाठी मी ते शब्द बोलले ते काम तसंही पुढं जाणारं नव्हतं. शेवंतीच्या मागावरचे कापलेले दोरे मी रोज थोडे थोडे करून पुन्हा सांधले. गाठ मारताना दर वेळी तात्यांचे हात आठवत. माग तयार झाला, पण त्यावर दुसरं कुणी बसायला तयार होईना. सहा महिने तो तसाच राहिला. वाडी एवढीशी; विहिरीवर, देवळापाशी, दुकानात आम्ही समोरासमोर यायचो. ती मान खाली घालून जात नसे. ताठ मानेनं, मला ओलांडून, पलीकडं बघत जायची. मला कितीदा वाटलं, हाक मारावी. मी बाई होते ना, शिकवणारी. मी हाक मारली नाही.

वैशाखाच्या शेवटी होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि खलाशी आपापल्या गावी निघतात. एके सकाळी टेकबहादूर पुन्हा आला. हातात ती आखूड चादर, धुऊन, घडी घालून. म्हणाला, "दीदी, घर जा रहा हूँ. आपका चादर." त्याला वाटलं होतं, ती अर्धवट होती म्हणजे उसनी दिली असणार, पुढं कधी ती पुरी करून आम्हाला विकायची असेल. मी म्हटलं, "भैया, ये आपकी है." तो म्हणाला, "पर ये तो किसी और की थी ना. काटकर दिया था." मी ती त्याच्या पिशवीत कोंबली. तो मला नमस्कार करून स्टँडकडं गेला.

मी चप्पल घातली आणि तडक समुद्रावर गेले. तिथं वाळूवर बायका पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकट वाळवत होत्या. लांबवर तपकिरी थर पसरलेले, आणि त्यात शेवंती ओणवी होऊन उलथापालथ करत होती. दक्षिणेकडं आभाळ काळं झालं होतं. मी तिच्यासमोर उभी राहिले.

"शेवंती, माझं चुकलं."

तिनं वर पाहिलं. माझ्याकडं नाही, आभाळाकडं. म्हणाली, "आभाळ इला. आधी ह्यां उचलूक हात लावा."

मी जन्मात मासळीला हात लावला नव्हता. समोरासमोर बसून जेवताना या बायका त्यांचं ताट माझ्यापासून लांब ठेवत, इतकं त्यांनी माझं सोवळं जपलं होतं. मी खाली बसले. ओंजळी भरभरून सुकट टोपलीत टाकू लागले. ती टोचते, आणि तिची पूड नाकात जाते, ते मला माहीत नव्हतं. शेवंती पलीकडच्या टोकाकडून भरत येत होती. आम्ही दोघी मध्यावर भेटलो तेव्हा चार टोपल्या भरल्या होत्या आणि पहिले थेंब वाळूवर पडत होते. एक टोपली तिनं माझ्या डोक्यावर चढवली. चालता चालता म्हणाली, "उद्या येतंय."

आली. मागावर बसली, सांधलेल्या दोऱ्यांवरून बोटं फिरवली आणि धोटा टाकला. त्या वाक्याबद्दल आम्ही नंतर कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं, असं मला आता वाटतं. पुढची सात वर्षं आम्ही शेजारी बसून काम केलं.

मग इकडून फोन आला. आई, आमची अव्वा, अंथरुणाला खिळली होती. भाऊ म्हणाला, "तू ये आता. आमच्यानं होईना झालंय." केंद्र शेवंतीच्या हाती दिलं आणि निघाले. दोन-चार महिन्यांनी परत येते म्हणाले. अव्वा चार वर्षं होती. ती गेली तोवर माझे गुडघे गेले होते, आणि केंद्रात आठाचे अकरा माग झाले होते. शेवंतीची सून तिथं शिकवते. फोनवर मी एखादी अडचण विचारली तर म्हणते, "ता आमी केला, बाई. तुमी काळजी करू नका." ऐकून मी सुखावते आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून राहते.

गेल्या हिवाळ्यात एके दुपारी दारात जीप थांबली. पाथरीला यात्रेकरू पुष्कळ येतात, पत्ता विचारायला थांबतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग आवाज आला, "बाई गो!"

वाडीतल्या आठजणी मिळून देवदर्शनाला निघाल्या होत्या. शेवंतीनं ड्रायव्हरशी भांडून जीप आमच्या गल्लीत आणायला लावली होती. केस पांढरे झालेले, काष्टा तसाच घट्ट. बाकीच्या उतरून पाणी प्यायल्या, घर बघितलं. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. त्यांना सेलूवरून देवगाव फाट्याकडं जायचं होतं, अंधाराच्या आत मुक्काम गाठायचा होता.

शेवंती ओट्यावर माझ्याजवळ बसली. मी म्हटलं, "चहा घे गं. दमलीस का?"

ती गल्लीच्या तोंडाकडं बघत होती, जिकडून त्या आल्या होत्या तिकडं. "काल सकाळी निघालंव," ती म्हणाली. "घाट चढलंव. मगे नुसती शेतां. रात जाली, परत दिस उगावलो, तरी शेतांच. मी ड्रायव्हराक इचारतंय, इला? तो म्हणता, नाय. परत इचारतंय, तो म्हणता, नाय." तिनं माझा हात धरला. "बाई, इतक्या लांबसून तुमी आमच्याकडे इललास? एकट्या? आमका कधी सांगूक नाय."

भोंगा पुन्हा वाजला. कुणीतरी तिला हाक मारली. ती उठेना.

मी म्हटलं, "तवा लांब वाटलं न्हाई गं. आता वाटायलंय."